मेळ वाढला

केतकी तोडणकरचा मेळ एकसष्टावर घसरला, त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर फक्त शबाना मुकादम येऊन बसली. बाकीचे क्रेनचालक खिडकीकडच्या टेबलावर दाटीवाटीने बसले. त्यांचा तिच्यावर राग नव्हता. घसरता मेळ शेजारी बसलं की लागतो, अशी वरवणे बंदरात एक खुळी समजूत होती, आणि तिला खुळी म्हणून हसणारेसुद्धा ती पाळत होते.

"घरचंच ना?" शबानाने डबा उघडत विचारलं.

"घरचंच."

"निनादभाई अजून तसेच?"

केतकीने नुसती मान हलवली. सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचा नवरा निनाद उठत होता, अंघोळ करत होता, समोर ताट ठेवलं तर जेवत होता. मागच्या आठवड्यात मात्र तो संध्याकाळी फिरायला म्हणून गेला आणि भरती लागली तरी परतला नाही. ती शोधत गेली तेव्हा तो बंधाऱ्याच्या टोकाला, लाटा अंगावर येतात तिथे, चपला काढून उभा होता. "पाणी बघत होतो," एवढंच म्हणाला. वर्षभर कामावर असताना तिचा एक कान फोनकडे असायचाच, तेव्हापासून तर सतत. अवजड कंटेनर हवेत लोंबकळत असतानाही.

"पन्नासच्या खाली गेलीस की क्रेनवरून उतरवतील," शबाना म्हणाली. "जप जरा."

केतकीला हे कुणी सांगायला नको होतं. तिला वर चढवलं होतं ते याच आकड्याने.

काही वर्षांपूर्वी ती बंदराच्या धुलाईखात्यात खलाशांच्या चादरींच्या घड्या घालायची. बारावीत गणित राहिलेलं, वशिला कुणाचा नाही. त्या सुमारास पट्टी आली. कपाळावर बांधायची, बोटभर रुंदीची, काळी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीच्या आत शिरतो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे प्राणवायू घेऊन रक्त धावतं, आणि त्या रक्तात प्रकाश थोडा वेगळा शोषला जातो. परतलेल्या प्रकाशावरून आत कुठे किती धावपळ चालली आहे ते कळतं. पट्टीचं तत्त्व एवढंच.

सायकल नव्याने शिकणाऱ्याला प्रत्येक वळणाचा विचार करावा लागतो; त्याच्या कपाळामागे रक्ताची नुसती झुंबड उडते. सायकल अंगात मुरली की तोच माणूस गप्पा मारत घाट उतरतो, कपाळामागे शांतता. पण काम फारच सोपं असेल तर तिसरीच गोष्ट घडते. मन कामावरून उठून भटकायला निघतं आणि मेंदूचे भलतेच कोपरे जागे होतात. माणूस कामाला अपुरा पडतो आहे, की काम माणसाला अपुरं पडतं आहे, हे पट्टी दोन्हीकडून सांगू शकत होती. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये जो बसेल त्याचा मेळ शंभर.

मग कायदा झाला. पदवी, वशिला, आडनाव, नोकरीची वर्षं, सगळं बाजूला सारून पगार मेळावर ठरू लागला. ज्याची कुवत आणि काम जुळत नाहीत तो चुका करतो, अपघात घडवतो, मग त्याला पूर्ण पगार का द्यायचा, असा सरळ हिशेब. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असलेले छोटे धंदे तेवढे यातून वगळले होते; त्यांना यंत्रं परवडणार नव्हती. लोकांनी पहिल्या वर्षी मिरवणुका काढल्या. केतकीही त्यात नाचली होती. कारण धुलाईखात्यात सरसकट चाचणी झाली तेव्हा खोट्या क्रेनचे दांडे हातात घेऊन तिने पहिल्याच दिवशी कंटेनर असा अलगद टेकवला होता, की चाचणी घेणाऱ्याने पट्टी सैल झाली असेल म्हणून पुन्हा बांधली. सैल झाली नव्हती.

त्याच पट्टीने निनादला संपवलं.

निनाद बंदरातल्या एका दलालाच्या कचेरीत दुभाष्या होता. त्याला पाच भाषा यायच्या. धुलाईखात्यात एकदा मोझांबिकच्या एका खलाशाचा शर्ट हरवला आणि तो हातवारे करून थकला, तेव्हा निनादला बोलावलं गेलं. शर्ट मयत बापाचा आहे, हे त्याने इतक्या हळुवारपणे समजावून सांगितलं की केतकीने सगळ्या गाठोड्यांतून तो शोधून काढला. लग्न त्यानंतर वर्षभराने झालं. पुढे यंत्रं कागद भाषांतरित करू लागली आणि कचेरी बंद झाली. बंदराने त्याला फाटकावर नोंदणीला बसवलं. तिथे त्याचं मन भटकायचं. मेळ तिशीतसुद्धा पोचेना. मग त्याने क्रेनचं शिक्षण घेतलं. तिथे कपाळामागे इतकी झुंबड उडाली की शिकवणाऱ्यानेच पट्टी काढून घेतली.

"एका ठिकाणी काम कमी पडतं, दुसऱ्या ठिकाणी मी," तो तेव्हा हसून म्हणाला होता. हळूहळू ते हसणं गेलं. मग बोलणंही गेलं.

एकसष्टचा आकडा आल्यावर कंपनीच्या मेळ सल्लागार रेवा भिडे यांनी दोघांना बोलावून घेतलं. तिशीची, शांत आवाजाची बाई. खोलीत पाण्याचे पेले, कागदी रुमाल, सगळं तयार. त्यांनी पडद्यावर केतकीच्या कामाच्या एका पाळीचा आलेख दाखवला. सपाट रेघ, आणि मध्येमध्ये सुळके.

"हे सुळके म्हणजे कामाची अडचण नाही," रेवाबाई म्हणाल्या. "क्रेन केतकीताईंच्या हातात बसलेलीच आहे. हा कामाबाहेरचा ताण आहे. पट्टीला दोन्हीत फरक करता येत नाही. कायद्यालाही."

निनाद पुढे झुकला. कितीतरी दिवसांनी त्याने कशाकडे तरी नीट बघितलं होतं.

"इथे मी फोन केला होता," पहिल्या सुळक्याखालच्या वेळेवर बोट ठेवत तो म्हणाला. "गॅस संपला म्हणून. आणि इथे?"

"इथे तुम्ही फोन केला नव्हता," रेवाबाई थोडं अडखळून म्हणाल्या. "त्या वाट बघत होत्या."

"फोन केला तरी चढतो आणि नाही केला तरी चढतो."

"निनाद, चल, उठ," केतकी म्हणाली.

"थांब गं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही." तो आलेख वाचत राहिला, पूर्वी एखादा अवघड करार वाचायचा तसा. "म्हणजे हा माझाच आलेख आहे. तिच्या कपाळातून काढलेला."

रेवाबाईंनी वसाहतीतल्या वेगळ्या खोल्यांची माहिती दिली. काही महिने चालकाने तिथे राहायचं, घरच्यांशी आठवड्यातून एकदा बोलायचं. पुष्कळांचा मेळ सावरतो. सक्ती नाही, असंही त्यांनी सांगितलं. केतकीने नाही म्हटलं. निनाद अजून आलेखच वाचत होता.

दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "मी ताईकडे जातो लांज्याला. थोडे दिवस."

"कशाला?"

"तुला ठाऊक आहे कशाला."

"मला नकोय तसला मेळ."

"क्रेन गेली तर घर जाईल. ते क्वार्टर तुझ्या मेळावर आहे, केतू. मग दोघं मिळून बंधाऱ्यावर उभे राहू."

ती रडली. जाऊ नकोस म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग, का ते तिचं तिलाच कळलं नाही, ती उठली आणि त्याच्या पिशवीत स्वेटर घालू लागली, लांज्याला पहाटे गारठा असतो म्हणून. निनाद ते बघत होता. स्वेटर घालून झाल्यावर त्याने पिशवीची चेन लावली.

ताईंचा रात्री फोन आला, पोचला म्हणून. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला: इथेही त्याला करमत नव्हतं, कुडाळजवळ आमच्या ओळखीच्या एका बाईंचा कोकमाचा कारखाना आहे तिथे गेला, बाई मायाळू आहेत, काळजी करू नकोस. निनादचा स्वतःचा फोन एकदाच आला. "मी करणार नाही, तूही करू नकोस," तो म्हणाला. "आकडा सावरू दे आधी."

केतकी वाट बघत होती ती आकडा कोसळण्याची. पहिले काही दिवस ती त्याच्या बाजूच्या उशीवर झोपायची. महिन्याचा आकडा येईल आणि तो चाळीस असेल, मग आपण बंदराला रामराम ठोकून कुडाळला जाऊ, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

पण आकडा यायच्या आधीच तिला काहीतरी कळलं होतं. एका दुपारी पाळी संपवून तिने पट्टी सोडली. आठ तास काम झालं होतं. कंटेनर एकावर एक असे बसले होते की आवाजही झाला नव्हता. पट्टी खणात ठेवताना तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपल्याला निनादची आठवण आलेली नाही. एकदाही नाही. ती तिथेच, उघड्या खणापुढे, कितीतरी वेळ उभी राहिली.

महिन्याअखेर आकडा आला. ब्याण्णव.

बंदराचे व्यवस्थापक गावडे साहेब स्वतः खाली आले. पुढल्या महिन्यापासून नव्या धक्क्यावरची मोठी क्रेन तुमच्याकडे, म्हणाले. खिडकीकडच्या टेबलावरच्यांनी तिला हाक मारून जागा करून दिली. शबानाने तिला मिठी मारली आणि लगेच सोडून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"केतकी, काय गं?"

"यंत्र बिघडलंय," केतकी म्हणाली.

तेच तिने रेवाबाईंना जाऊन सांगितलं. दार लावून घेतलं, खुर्चीवर बसलीही नाही.

"पुन्हा मोजा. चुकलंय ते."

रेवाबाईंनी तिच्यासमोर पाळीमागून पाळी उघडून दाखवली. रेघ सपाट होती. सुळका कुठेही नव्हता.

"माझा नवरा घर सोडून गेलाय, मॅडम. मला दुःख झालंय. ते कुठे आहे यात?"

"दुःख पट्टीला दिसत नाही," रेवाबाई म्हणाल्या. "ते मेंदूत फार खोल असतं, तिथवर हा प्रकाश पोचतच नाही. पट्टीला दिसते ती राखण. कान टवकारून बसणं, आता काय होईल, आता काय होईल. त्याला रक्त लागतं. तुम्ही वर्षभर तेच करत होता. आता ते तुम्ही करत नाही."

"का करत नाही?"

"आता दुसऱ्या कुणाची नजर त्यांच्यावर आहे म्हणून असेल."

"म्हणजे मला सुटल्यासारखं झालंय."

रेवाबाईंनी पेला तिच्यापुढे सरकवला. "हे मला नाही सांगता येणार. यंत्रालाही नाही."

"पण मला वाटतंय, ते खरं आहे," केतकी म्हणाली, आणि मग खाली बसली.

तिने दोन दिवसांची रजा टाकली. ताईंकडून पत्ता घेतला आणि एसटीने कुडाळ गाठलं. गाडीत तिने काय बोलायचं ते जुळवून बघितलं, पण एकही वाक्य धड उभं राहिना. आकडा त्याला सांगायचा म्हणजे त्याला म्हणायचं, तू गेलास ते बरं झालं. बंधाऱ्याच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायचं.

कारखाना म्हणजे आंब्याच्या झाडांखाली पत्र्याची एक लांब पडवी होती. कोकमाचा आंबट वास सुटला होता. चार-पाच बायका फळं फोडत बसल्या होत्या, त्यांचे हात मनगटापर्यंत लालभडक. सत्तरीची एक बाई पदर खोचत पुढे आली. बिड्ये काकी त्या याच.

"घोवाक नेवक इलंस?" ती नवऱ्याला न्यायला आली आहे हे त्यांनी ओळखलंच.

"हो. कसा आहे तो?"

काकींनी आवाज खाली आणला. "काम करता. उलट बोलना नाय, सुलट बोलना नाय. पण दुपारचो इसव्याक म्हणान जाता आणि बावडीच्या काठार बसान रवता. माझो जीव खालवर होता. मी बावडीर फळयो टाकून घेतलंय." त्यांनी मागच्या विहिरीकडे बोट दाखवलं.

केतकीच्या कपाळामागे काहीतरी दाटून आलं. पट्टी असती तर दिसलं असतं.

निनाद परसात दगडी डोणीशी बाटल्या धूत होता. वाळला होता. तिला बघून त्याने हात पुसले, आणि काय करावं ते न सुचून पुन्हा ओले केले.

"कशाला आलीस? तुझी पाळी असेल."

"रजा घेतली."

"आकडा आला?" त्याने विचारलं. बाटलीकडे बघतच विचारलं.

ती गाडीत जुळवत आलेलं सगळं विसरली.

"पडला," ती म्हणाली.

निनादने मान वर केली.

"मला वाटलं होतं वाढेल."

"नाही वाढला. तू गेलास आणि पार कोसळला. क्रेनवरून उतरवलं मला."

तो डोणीच्या कठड्यावर बसला. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "राहिलो तरी, गेलो तरी. घर गेलं, क्रेन गेली. केतू, मी तुझं वाटोळं केलं." त्याचा आवाज फाटला होता. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. पण केतकी त्याचा चेहरा अकरा वर्षं बघत आली होती. त्या वाईटाच्या आत कुठेतरी तो सुखावला होता. आपण जवळ नसल्यावर कुणाचं तरी काहीतरी कोसळलं, हे ऐकून वर्षभर विझलेल्या त्याच्या डोळ्यांत ओल आली होती, आणि ते तिला दिसू नये म्हणून त्याने मान फिरवली.

तिला वाटलं, आता खरं सांगावं. मलाही असंच झालंय म्हणावं, मीही सुखावले, तूही सुखावलास, दोघांचं फिटलं. शब्द तोंडाशी आले. तेवढ्यात तिला त्याच्या खांद्यामागे विहीर दिसली. तिच्यावर टाकलेल्या फळ्या नव्या होत्या, आणि मधली एक बाजूला सरकवलेली होती.

तिने शब्द गिळले.

"मग आता?" निनाद म्हणाला. "मी परत आलो तर वाढेल?"

या प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती. तो परत येईल, पुढचा महिना संपेल, ब्याण्णववरून घसरलेला आकडा बंदराच्या फलकावर लागेल. तिची रेघ पुन्हा सुळक्यांनी भरेल आणि ते तो वाचेल. त्याला वाचता येतं.

"परत नाही जायचं," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की हे ठरलं आहे. "मी इथेच राहते. काकी ठेवून घेतील तर."

तिच्या मनगटावर फोन थरथरला. गावडे साहेबांचं नाव उमटलं.

"कोण?" निनादने विचारलं.

"कंपनी. सामान घेऊन जा म्हणत असतील." तिने फोन काढला, बंद केला आणि पिशवीत टाकला. नव्या धक्क्यावरची क्रेन तिने लांबून एकदाच बघितली होती. पिवळ्याधमक रंगाची, तिथल्या सगळ्यांत उंच. तिचे दांडे हातात कसे लागतील याचा तिने रात्री पडल्या पडल्या विचारही केला होता. आता ती दुसऱ्या कुणाची तरी होईल. तिच्या छातीतून कळ गेली, आणि ती कळ निनादसाठी नव्हती, हेही तिला स्वच्छ कळलं.

काकी मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"रवाक जागा आसा," त्या म्हणाल्या. "पगार लय नाय हां. तुका काय येता गो?"

कोकण किनाऱ्यावर केतकीइतक्या अलगद कंटेनर टेकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "शिकेन."

काकींनी तारेचा एक ब्रश तिच्या हातात दिला आणि त्या फळं फोडणाऱ्या बायकांकडे गेल्या. केतकी पदर खोचून डोणीशी उकिडवी बसली. पाणी गार होतं. तिने पहिली बाटली उचलली, ब्रश आत घातला. बाटली हातातून निसटली आणि डोणीत आपटली. सुदैवाने फुटली नाही.

निनाद कठड्यावरून उतरून तिच्या शेजारी बसला.

"मानेला नको धरू," तो म्हणाला. "हात ओला असतो, निसटते. बुडाशी धर. आणि ब्रश फिरवू नकोस, बाटली फिरव. मलाही पहिल्या दिवशी जमत नव्हतं. तीन फोडल्या मी."

एका दमात तो इतकं बोलला होता. शेवटचं कधी बोलला होता ते तिला आठवेना. तिने बाटली बुडाशी धरली, तो म्हणाला तशी फिरवली, आणि ते लगेच, सहज जमलं. निनादने समाधानाने मान हलवली आणि त्याची नजर पुन्हा हळूहळू विहिरीकडे वळू लागली.

केतकीने दुसरी बाटली घेतली, मानेला धरली, आणि हातातून निसटू दिली.